गुडघ्यामागे पल्स जोरदार, जांघेत मंद: एसएफए (मांडीच्या पुढून उतरणारी मुख्य धमनी) उघडावी का?

करवीर_फिजिशियन: रुग्ण ५४ वर्षांचे, शिरोळकडचे, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, तंबाखू चालू. महिनाभर उजवी पोटरी थोडं चाललं की धरते, एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) ०.५. डावीकडे जांघेत पल्स मंद, पण गुडघ्यामागे जोरदार. उजवीकडे गुडघ्यामागे काहीच लागत नाही. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) दोन्हीकडे एसएफए मांडीच्या मध्यावर विरते. उजवी उघडायची आहे, वायर कुठून न्यावी?

रोहिणी_इंटरव्हेन्शन: सर, एसएफएला हात लावू नका. ती बंद पडलेली नाही, जन्मतःच बारीक आहे. डावीकडे जांघेत मंद आणि गुडघ्यामागे जोरदार पल्स, या विरोधाभासाला कावी साइन म्हणतात. गर्भात पायाला रक्त सायटिक आर्टरी देते, ती इथे टिकून राहिली आहे. इंटर्नल आयलियॅकपासून (ओटीपोटातल्या धमनीच्या आतल्या फाट्यापासून) सायटिक नर्व्हशेजारून मांडीच्या मागे उतरणारी नळी सीटीत शोधा. एसएफएत वायर रेटलीत तर ती फाटेल आणि पुढे रस्ताही नाही.

करवीर_फिजिशियन: सापडली. उजव्या कुल्ल्यात २.४ सेंमी अॅन्युरिझम (धमनीचा फुगा), आत गुठळी, त्याखाली ९ सेंमी बंद. पॉपलिटियल (गुडघ्यामागची धमनी) भरते, पोटरीतल्या दोन धमन्या चालू.

रोहिणी_इंटरव्हेन्शन: मग डाव्या फिमोरलमधून (जांघेतल्या धमनीतून) क्रॉसओव्हर, म्हणजे वरून वळून उजवीकडे, ४५ सेंमी लांब शीथ (वायर नेण्याची नळी). डायचं इंजेक्शन एक्स्टर्नल आयलियॅकमध्ये (बाहेरच्या फाट्यात) दिलंत तर ही सायटिक आर्टरी दिसणारच नाही, फाटे फुटण्याआधीच्या कॉमन आयलियॅकमध्ये द्या. उजव्या इंटर्नलचं तोंड डाव्या ऑब्लिकमध्ये (एक्स-रे तिरका धरून) सुमारे ३० अंशांवर उघडं दिसतं. हेपरिन देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० सेकंदांच्या वर ठेवा. महिनाभराची गुठळी आहे, थेट बलून फुगवला तर ती पोटरीत जाईल. आधी अॅस्पिरेशन करा (गुठळी ओढून काढा). वरून वायर गेली नाही तर घोट्याजवळून पोस्टेरियर टिबियल धमनी सोनोग्राफीखाली टोचून खालून वायर घ्या. अॅन्युरिझमला कव्हर्ड स्टेंट (कापडाचं आवरण असलेली जाळीची नळी), दोन्ही टोकांना निरोगी नळी २ सेंमी तरी हवी.

व्हॅस्क्युलर_राजाराम: उघडण्याची पद्धत पटली, कव्हर्ड स्टेंट नाही. अॅन्युरिझम बसण्याच्या जागी आहे. दिवसभर ट्रॅक्टरच्या सीटवर दाबला गेला की स्टेंट वाकतो, तुटतो आणि बंद पडतो. तेव्हा पाय आजच्यापेक्षा धोक्यात येतो. यांच्यासाठी पायातली व्हेन वापरून फेमोरो-पॉपलिटियल बायपास (जांघेपासून गुडघ्यामागे नवा रस्ता) आणि अॅन्युरिझमच्या वर-खाली प्लग (धमनी बंद करणारं बूच) हा जास्त टिकाऊ मार्ग. कुल्ला उघडून अॅन्युरिझम काढू नका, नर्व्ह चिकटलेली असते. त्यासाठीची सॅफेनस व्हेन डॉप्लरने मोजा, ३ मिमीहून बारीक असेल तरच स्टेंटचा विचार.

रोहिणी_इंटरव्हेन्शन: व्हेन चांगली असेल तर मान्य. प्लग टाकण्याआधी बायपास वाहतोय याची खात्री करा, नाहीतर पाय उपाशी राहील. आणि डाव्या कुल्ल्याचेही सीटीचे काप बघा. तिथेही तीच आर्टरी आहे, तिच्यात अॅन्युरिझम असला तरी अजून तक्रार नसेल.

करवीर_फिजिशियन: व्हेन मॅपिंग (डॉप्लरने व्हेनची मोजणी) उद्याच लावतो. तोवर अॅस्पिरिन, स्टॅटिन चालू, तंबाखू बंद, आणि हंगाम असला तरी ट्रॅक्टरवर बसणं बंद.