फाउंड्रीतल्या धुळीचा त्रास : कोल्हापुरात कुठे दाखवावं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचे दाजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाचा कारखाना) फेटलिंगला आहेत, म्हणजे ओतीव भागांवरची वाळू-खरबड घासून काढायचं काम, वीसेक वर्षं झाली. खोकला जात नाही, घाटाच्या पायऱ्या चढताना दम लागतो. एका ठिकाणी एक्स-रे बघून टीबीचं औषध सुरू केलंय, पण थुंकीत काही सापडलेलं नाही. चांगला छातीचा डॉक्टर सुचवा. की सरळ पुण्यालाच न्यावं?

कोअरशॉप
पुण्याला कशाला, सीपीआरला (आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) छाती विभाग आहे की. पण आधी सांगा, दाजी काय काम करतात हे त्या डॉक्टरांना कुणी सांगितलं का? नुसतं 'कंपनीत आहे' म्हटलं तर त्यांना काय कळणार? केसपेपरवर 'फाउंड्री, फेटलिंग, वाळूची धूळ, इतकी वर्षं' असं लिहूनच घ्या. मला तरी डॉक्टरच्या नावापेक्षा ही ओळ मोठी वाटते.

माई_राजारामपुरी
सहमत. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीनं फुफ्फुसात व्रण होतात, तो सिलिकोसिस. त्याचे ठिपके बहुतेक फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि टीबीही तिथंच बसतो, म्हणून गल्लत होते. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुंकून करायची पीएफटी, म्हणजे फुफ्फुसाच्या ताकदीची तपासणी, करून घ्या, थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची तपासणी) झाली नसेल तर तीही. आणि टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका हं! सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर धरतो, दोन्ही एकदम असू शकतं. जुने एक्स-रे सापडले तर सोबत न्या.

पंचगंगाकाठ
धन्यवाद माई. सिलिकोसिसच निघाला तर औषध काय?

माई_राजारामपुरी
बरं करणारं औषध नाही. झालेले व्रण जात नाहीत, काम सुटल्यावरही आजार वाढू शकतो. तरी धूळ आधी तोडायची, बिडी-सिगारेट बंद. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून.

कोअरशॉप
रुमाल बांधून काही होत नाही, ही धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे पाळी सुटली की पोरं हवेच्या पाइपनं एकमेकांचे कपडे झाडतात, म्हणजे बसलेली धूळ परत नाकात! व्हॅक्यूम नाहीतर ओलं फडकं वापरा. मास्क एन-९५ तरी हवाच, तोही दाढीवर नीट बसत नाही. खरं तर धूळ ग्राइंडरपाशीच ओढून घ्यायला पाहिजे, पण डस्ट कलेक्टरच्या पिशव्या कोण बदलतो?

शाहूपुरी_वकील
कागदाचं बोलतो. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून सिलिकोसिस हा सरकारला कळवायचाच रोग आहे, कारखान्यानंही आणि डॉक्टरनंही. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर दावा तिकडेच. नसेल तर कामगार नुकसानभरपाईचा दावा; तो आधी १९२३ च्या कायद्याखाली होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली आहे, त्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. दोन्हीकडून एकदम मिळत नाही. आजाराचं निदान लेखी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, फारतर धूळ नसलेल्या खात्यात बदली मागा. हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. ठेकेदाराकडं असतील तर जास्तच.

पंचगंगाकाठ
ठेकेदाराकडेच आहेत. स्लिपा मिळतात, ईएसआय कापतात. सोमवारी सीपीआरला नेतो. 'मला काय झालंय' म्हणून अडून बसलेत, पण ताई नेईलच.

ओटावाला
मध्येच घुसतो. मी किचन ओट्याचे ग्रॅनाइट कापतो, मलाही हे लागू का?

कोअरशॉप
लागू म्हणजे काय भावा! ग्रॅनाइटमध्ये सिलिका असतेच, आणि तो नवा क्वार्ट्झचा कृत्रिम दगड तर बहुतांश सिलिकाच. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. कोरडं कापू नकोस, ब्लेडवर पाणी सोड आणि एकदा एक्स-रे काढून ये.