प्रोमिथियस : खुर्चीतला तो कोण होता, हे सांगायची गरज होती का?

उल्कापात

(कथानक फुटणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.)

रिडली स्कॉटचा प्रोमिथियस (२०१२) पाहिला. १९७९च्या एलियनच्या आधीची गोष्ट, तीही त्याच दिग्दर्शकाने तेहतीस वर्षांनी सांगितलेली, म्हटल्यावर न जाऊन सांगतो कोणाला. दिसायला सिनेमा जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. आइसलँडच्या धबधब्यावरची सुरुवात पाहून अंगावर काटा आला. डेव्हिड नावाचा यंत्रमानव झालेला मायकेल फासबेंडर तर एकटा अख्खा सिनेमा खाऊन टाकतो. तरीही बाहेर पडलो तो चरफडतच.

एलियनमधला तो प्रसंग आठवा. नोस्ट्रोमो या मालवाहू जहाजावरचे तिघं एका पडीक यानात शिरतात. आतल्या भिंती बांधलेल्या की वाढलेल्या, कळत नाही. मधोमध अवाढव्य खुर्ची आणि तिच्यात मरून दगड झालेला चालक. तोंडावर सोंडेसारखं काहीतरी, आणि बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या. तिघं बघतात, कप्तान डॅलस दोन वाक्यं बोलतो आणि गोष्ट पुढे सरकते. पुन्हा त्या चालकाचं नाव नाही. तो सेट आणखी अवाढव्य दिसावा म्हणून स्कॉटने लांबच्या दृश्यात नटांऐवजी आपली दोन पोरं आणि कॅमेरामनचा मुलगा, असे तिघं छोटे अवकाशपोशाख घालून उभे केले होते. म्हणजे माणूस त्याच्यासमोर किरकोळ दिसावा, हा हिशेब तेव्हा पक्का होता.

तो चालक कोण हे कळलं नाही, एवढ्यावरच त्या प्रसंगाची भीती नव्हती. त्याच्या भानगडीचा आपल्याशी काडीचा संबंध नव्हता, ही खरी भीती. आपण पोचायच्या कितीतरी आधी तो स्वतःच्या कुठल्यातरी संकटात मेला. विश्वात असलं बरंच काही चालू असतं आणि त्यात आपण खिजगणतीतही नाही.

आता प्रोमिथियस काय म्हणतो? ती सोंड म्हणजे शिरस्त्राण! ते काढलं की आत पांढराफटक, टकला, उंचापुरा माणूस. जनुकं तपासली तर आपलीच. यांनीच म्हणे आपल्याला घडवलं आणि आता यांनाच आपण नकोसे झालोय. इतकी वर्षं ज्याला पार परका समजत होतो, तो आपला खापरपणजोबा निघाला. विश्व एवढंसं करून टाकलं राव.

मधली सीट

साफ असहमत.

तुम्हाला १९७९चाच सिनेमा परत हवा होता, तो मिळाला नाही म्हणून ही रडारड. खुर्चीचा प्रसंग भारीच आहे, पण त्याला हातच लावायचा नाही म्हणजे काय? देव्हाऱ्यात ठेवायचा?

आणि एलियनमधलं गूढ आधी कोणी उकललंच नव्हतं का? पहिल्या भागात ती अंडी कोण घालतं याचा पत्ता नव्हता. १९८६मध्ये जेम्स कॅमेरॉनने राणी आणली आणि सरळ सांगून टाकलं की ही घालते. मुंग्या-मधमाश्यांचा कारभार. तेव्हा कोणी म्हणालं का, की आमचं गूढ पळवलं? उलट राणी म्हणजे मालिकेतली सगळ्यात भारी गोष्ट म्हणून आपणच नाचतो. कॅमेरॉनने केलं तर कल्पकता आणि स्कॉटने स्वतःच्याच गोष्टीत केलं तर पाप?

नीलांबरी

मधली सीट यांचा राणीचा मुद्दा बिनतोड आहे.

मला सिनेमा आवडला. भयपट म्हणून नाही, चिडलेल्या लेकरांची गोष्ट म्हणून. यात प्रत्येकाचं भांडण आपल्याला जन्माला घालणाऱ्याशी आहे. मोहिमेचा खर्च करणाऱ्या म्हाताऱ्या वेलंडला निर्मात्याकडून आणखी आयुष्य हवंय. त्याची मुलगी व्हिकर्स, तिला बाप मरत नाही याचा राग. संशोधक शॉच्या गळ्यात बापाचा क्रॉस. आणि डेव्हिड, ज्याचे निर्माते त्याच्याच जहाजावर झोपलेले आहेत आणि त्याला वस्तूसारखं वागवतात.

बिलियर्डच्या टेबलापाशी शॉचा जोडीदार हॉलोवे आणि डेव्हिड बोलतात, तो प्रसंग सगळ्या सिनेमाची किल्ली आहे. डेव्हिड विचारतो, मला का बनवलंत? हॉलोवे म्हणतो, जमत होतं म्हणून. डेव्हिड शांतपणे विचारतो की हेच उत्तर तुम्हाला तुमच्या निर्मात्याकडून मिळालं तर किती निराशा होईल? आणि तिथे सापडलेल्या काळ्या द्रवाचा बोटाच्या टोकावरचा थेंब हॉलोवेच्या पेल्यात. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. उल्कापात, तुम्ही म्हणता माणसाला विश्वाच्या केंद्रात बसवलं. बसवलं खरं, पण कशासाठी? निर्माता जागा होतो, समोरच्यांकडे बघतो, एक शब्द न बोलता डेव्हिडचं मुंडकं उपटतो आणि त्याच मुंडक्याने वेलंडला मारतो. असलं मानाचं पान कोणाला हवंय?

गुणसूत्र

बाकी तुमचं चालू द्या, पण त्या जनुकांच्या प्रसंगाला मी खुर्चीत चुळबुळत होतो. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, एकमेकींवर बसतात, 'जुळलं'! अहो, चिंपांझीचा आणि आपला डीएनएसुद्धा असा शंभर टक्के जुळत नाही, ९८-९९ टक्क्यांवर थांबतो. आणि हा आठ-नऊ फुटी, डोळे काळेभोर, कातडी संगमरवरी, हा तंतोतंत जुळतो?

त्याहून मोठी अडचण पहिल्याच प्रसंगात आहे. त्या निर्मात्यांपैकी एक जण धबधब्यावर काळं द्रव पितो, त्याचं शरीर विरघळून पाण्यात पडतं आणि त्यातून पृथ्वीवर जीवन सुरू होतं, असं मानू. पृथ्वीवर जीवनाचे पुरावे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीपासून मिळतात. तिथपासून शेवाळं, मासे, डायनासोर असा सगळा प्रवास करून उत्क्रांती बरोबर त्याच माणसावर येऊन थांबली? आणि तो नंतर येऊन फक्त माणूस घडवून गेला म्हणावं, तर आपली जनुकं माशीपासून उंदरापर्यंत सगळ्यांशी नातं का सांगतात? कुठूनही मोजा, गणित चुकतंच.

मधली सीट

गुणसूत्र, फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी १९७३मध्ये हीच कल्पना रीतसर शोधनिबंधात मांडली होती, की दुसऱ्या कुठल्यातरी प्रगत संस्कृतीने मुद्दाम इथे जीवन पेरलं असेल. क्रिक म्हणजे डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक. तो असलं म्हणू शकतो, तर सिनेमावाल्यांनी काय घोडं मारलंय?

गुणसूत्र

क्रिक-ऑर्गेल यांनी सूक्ष्मजीव पाठवल्याची शक्यता मांडली होती. यानात जंतू भरून सोडायचे, रुजले तर रुजले. त्यातून पुढे काय उगवेल ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसणार. साच्यातून हुबेहूब माणूस निघेल, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. मला विचाराल तर खरी भयंकर गोष्ट तीच झाली असती. कोणीतरी बी टाकलं आणि विसरून गेलं. इथे मी उल्कापात यांच्या बाजूने.

तिरकस

तुम्ही डीएनएला लटकलाय. मला सांगा, ही माणसं शास्त्रज्ञ म्हणून कोणी भरती केली?

फिफिल्ड भूगर्भतज्ज्ञ. याच्याकडेच ती उडती यंत्रं आहेत, जी बोगद्यांचा अख्खा नकाशा काढतात. सगळ्या ताफ्यात रस्ता चुकतो कोण? हाच. त्याच्याबरोबर मिलबर्न, जीवशास्त्रज्ञ. हजारो वर्षांपूर्वी मेलेलं कलेवर पाहून घाबरून पळतो आणि थोड्याच वेळाने नागासारखा फणा काढलेला जिवंत प्राणी समोर आला की 'ये बाळ ये' करत हात पुढे करतो. हवा श्वास घेण्याजोगी आहे असं यंत्र म्हणालं की लगेच शिरस्त्राणं काढतात. जंतूबिंतू असले प्रकार यांच्या गावी नाहीत.

आणि ती व्हिकर्स! गडगडत येणाऱ्या चाकासारख्या यानापुढे सरळ रेषेत पळते. अगं बाई, चार पावलं बाजूला हो ना! शॉ नुसती लोळून वाचते की.

हीच व्हिकर्स एका प्रसंगात म्हणते की आपण पृथ्वीपासून अर्धा अब्ज मैलांवर आहोत. म्हणजे ८० कोटी किलोमीटर. गुरू ग्रह सूर्यापासून साधारण ७८ कोटी किलोमीटरवर आहे. दुसऱ्या ताऱ्याच्या नावाने निघालेली ही मंडळी गुरूच्या आसपासच उतरलेली दिसतात. सुरुवातीला पडद्यावर जे अंतर येतं ते जवळपास पस्तीस प्रकाशवर्षं भरतं. एकाच सिनेमातली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती वाटतं.

नीलांबरी

हाहा, मैलांचं वाक्य मला कळलंच नव्हतं. पण तिरकस, एलियनमध्ये तरी अकलेचे खंदक नव्हते का? अंडं उघडतंय, आत काहीतरी वळवळतंय, आणि केन त्यावर तोंड नेऊन बघतो. ब्रेट एकटा मांजर शोधायला जातो. भयपटात कोणीतरी मूर्खपणा करावाच लागतो, नाहीतर सगळे आपापल्या केबिनमध्ये सुखरूप आणि सिनेमा वीस मिनिटांत खल्लास.

उल्कापात

नीलांबरीताई, इथे मात्र अडवतो. नोस्ट्रोमोवरची माणसं मालवाहू जहाजावरची कामगार मंडळी होती. पार्कर आणि ब्रेट यांचं भांडण बोनसच्या वाट्यावरून. त्यांना कोणी परग्रहावर संशोधनाला पाठवलं नव्हतं, कंपनीने वाटेत उतरवलं. आणि मुख्य गोष्ट, तोंडाला प्राणी चिकटलेल्या केनला आत घ्यायचं नाही, विलगीकरणाचा नियम आहे, असं रिप्ली ठणकावून सांगते. दार उघडतो अ‍ॅश, कंपनीचा छुपा यंत्रमानव, आणि तो गाढवपणा नसतो, तो हुकूम पाळत असतो. शहाण्या माणसाचं कोणी ऐकलं नाही म्हणून सगळे मरतात. त्यामुळे आपण त्यांच्यासाठी घाबरतो. मिलबर्न मेला तेव्हा माझ्या शेजारचे हसले.

राणीबद्दल. मधली सीट, मुद्दा चांगला आहे, पण तो तुमच्यावरच उलटतो. राणीने एका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि धोका वाढवला. एक प्राणी होता, त्याची वसाहत झाली, वर तिला स्वतःचा संताप, स्वतःची पिल्लं. कळल्यावर भीती वाढली. शिरस्त्राण निघालं तेव्हा काय वाढलं? एवढंच कळलं की आत माणूस होता. खुलासा करण्याला माझी हरकत नाही, खुलासा मूळ गोष्टीपेक्षा लहान निघाला याला आहे.

२०११मध्ये वानरांच्या मालिकेचा पूर्वभाग आला होता, राइझ ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स. वानरांचं राज्य येणार हे तिकीट काढायच्या आधीपासून ठाऊक, तरी सीझर नावाचा चिंपांझी जेव्हा तोंडातून पहिला शब्द काढतो तेव्हा सगळं थिएटर गप्प. कारण तिथे कोडं सोडवायचं नव्हतंच. एका जिवाचा राग हळूहळू कसा तयार झाला, ते दाखवायचं होतं. उलट १९९९मध्ये स्टार वॉर्सवाल्यांनी 'फोर्स' ही गूढ शक्ती म्हणजे पेशींमधल्या सूक्ष्म जिवांचा मामला करून ठेवला आणि एका वाक्यात सगळी जादू पॅथॉलॉजीच्या रिपोर्टावर आणली. प्रोमिथियसमध्ये डेव्हिडचा भाग पहिल्या जातीचा आहे आणि खुर्चीचा भाग दुसऱ्या.

मधली सीट

म्हणजे डेव्हिड आवडला, धबधबा आवडला. शॉची शस्त्रक्रिया?

उल्कापात

ती तर कळसच. यंत्र पुरुषांसाठीच जुळवलेलं, सिझेरियन करणार नाही म्हणतं, मग ती दुसरीच शस्त्रक्रिया निवडते आणि पोटाला स्टेपल मारून बाहेर पडते. पण त्यानंतर? रक्ताने माखलेली ती वेलंडच्या खोलीत येते आणि कोणी विचारतसुद्धा नाही की बाई, हे काय झालं! पलीकडच्या खोलीत तिच्या पोटातून काढलेला जिवंत विचित्र प्राणी कोंडलेला आहे, त्याची दखल शेवटच्या मारामारीपर्यंत नाही.

मधली सीट

हे मान्य. लिखाण फाटकं आहे. पण इतकं आवडूनही तुम्ही सिनेमा मोडीत काढताय, ते एका शिरस्त्राणापायी.

नीलांबरी

थांबा, एक गोष्ट सगळेच विसरताय. हा तो ग्रह नाहीच! नोस्ट्रोमो उतरलं ते एलव्ही-४२६वर. प्रोमिथियस उतरतं ते एलव्ही-२२३वर. इथला चालक खुर्चीत मरत नाही, तो उठून शॉच्या मागे लागतो आणि व्हिकर्सच्या सुटकेच्या यानात मरतो. म्हणजे १९७९च्या खुर्चीतला तो अजूनही तिथेच बसलाय. कोणी मारलं, कुठे निघाला होता, अंडी कोणाची, काही सांगितलेलं नाही. उल्कापात, तुमचं गूढ शाबूत आहे की!

तिरकस

घ्या. म्हणजे प्रश्नाचं उत्तर बिघडवलं आणि दिलंही नाही. दुहेरी कामगिरी.

उल्कापात

नीलांबरीताई, ग्रह वेगळा हे लक्षात आहे. पण चेहरा एकदा बघितला तो बघितला. काल रात्री एलियन पुन्हा लावला. तिघं खुर्चीवर चढतात, केन बॅटरी वर धरतो, आणि माझी नजर नेमकी सोंडेच्या कडेला. ही कुठून उघडत असेल, हेच शोधत होतो.

गुणसूत्र

दुसरा भाग आला तर शॉ डेव्हिडचं मुंडकं पिशवीत घालून त्यांच्या मूळ ग्रहावर चाललीय. तिथे गेल्यावर आधी कोणीतरी जनुकांची तपासणी पुन्हा करा, एवढीच विनंती.

मधली सीट

मी पहिल्या दिवशी जाणार. उल्कापातही येतील, आणि नंतर इथे याच्या दुप्पट लांबीचा धागा काढतील.

उल्कापात

येणार ना. फासबेंडरच्या नुसत्या मुंडक्यासाठीसुद्धा येईन.