मेंढराचा भाव टेपनं ठरवा, उंचीनं नाही

शेतकरी, दारव्हा
आठवडी बाजारात व्यापारी मेंढराच्या कमरेवर हात ठेवतो, एकदा उचलून पाहतो अन् भाव सांगून मोकळा होतो. विकणाऱ्याजवळ काहीच नसते. शिंप्याची टेप तरी ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10,800. घेर 75 अन् लांबी 65 असली तं वजन साधारण 34 किलो. लोक उंचीवर भुलतात, पण वजनाशी सगळ्यात जास्त जुळतो तो छातीचा घेरच. जातीचं नाव घेऊन भाव वाढवणं तं मला अजिबात पटत नाही.

मटण दुकानदार, यवतमाळ
भाऊ, 34 किलो हे जिवंत वजन झालं, मी विकतो मटण. मुंडी, पाय, कातडं, रगत, कोथळा गेला की 15-16 किलो हाती येते. सकाळी पोटभर चारून, पाणी पाजून आणलं असलं तं त्याहून कमी टक्का बसते. लोकर वाढलेली असली की टेप फसवते. तुमचेच 75 चे 78 झाले तं अडीच किलोच्या वर वजन नुसतं कागदावर वाढते! मी कमरेच्या मणक्याजवळ बोटं दाबतो. आडवी हाडं टोचली तं मांस नाही. हे तुमच्या टेपमध्ये कुठं आहे?

पुसदवाला
जात बाजूला ठेवताच येत नाही. सांगलीकडच्या जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी आपल्या दख्खनी जातीपेक्षा झपाट्यानं वाढते. आज वजन किती, ते टेप सांगते. तेवढं वजन किती महिन्यांत आलं, ते जातीवर असते, अन् चाऱ्याचा खर्च तिथंच ठरते.

मेंढपाळ, वाशीम
दादा, जत कोरडा मुलूख आहे. आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात खुरं कुजतात, लंगडं मेंढरू चरत नाही. आमची दख्खनी कापूस निघालेल्या वावरात पऱ्हाटीचा पाला खात दिवसभर चालते. बांधून चारणाऱ्यानं माडग्याळ जरूर आणावी. आम्हा फिरत्या लोकांना तो सल्ला देऊ नका.

पुसदवाला
फिरत्या कळपातही नर निवडावाच लागतो ना? निदान तो तरी झपाट्यानं वाढलेल्या कोकरांतून घ्या. चांगली वाढलेली नर कोकरंच आधी विकून टाकता, मग पुढची पिढी कशी भरेल?

शेतकरी, दारव्हा
दुकानदार काका, लोकर दाबून, उपाशीपोटी मोजावं हे मान्य. गाभण मेंढीला तं हे सूत्र लावूच नये. पण हात तुमचा, अंदाज तुमचा अन् भावही तुमचाच, हे कसं चालेल?

मटण दुकानदार, यवतमाळ
मग रात्रभर उपाशी ठेवा, लोकर कातरून आणा अन् खुशाल टेप लावा. कमरेला हात मी लावीनच. दोघांच्या अंदाजात फरक पडला तं काट्यावर घेऊ, काट्याचे पैसे मी देतो.