बिबड्यांची जाहिरात करायची आहे, पण खोटं लिहायचं नाही. कसं करू?

बिबडेवाली, चोपडा

नमस्कार. आमचं घरचं काम आहे. ज्वारीचे बिबडे (खानदेशातले वाळवणाचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, शेवया. आई आणि गल्लीतल्या दोन मावश्या करतात. पॅकिंग, हिशोब आणि फोन माझ्याकडे. होळी झाली की गच्चीवर खाटा पडतात, त्या आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) उचलल्या जात नाहीत. निम्म्याहून जास्त माल पुणे, नाशिक आणि सुरतेला जातो, म्हणजे पोटासाठी तिकडे गेलेल्या आपल्याच माणसांकडे. व्हॉट्सॲपवर ३०० च्या आसपास गिऱ्हाईक आहे आणि दोन वर्षं झाली, आकडा तिथेच अडकलाय.

म्हणून एका जाहिरातवाल्याला भेटले. महिन्याला ६,००० रुपये. त्यात गुगलवर ५० रिव्ह्यू, इन्स्टाग्रामवर ५,००० फॉलोअर आणि रोज एक पोस्ट. नमुन्याच्या तीन पोस्ट त्याने करून दाखवल्या. पहिलीत चुलीपुढे बसलेली नऊवारीतली एक आजी, वर अक्षरं: 'आजीच्या हातचे बिबडे'. ही कोण, विचारलं तर म्हणाला, नेटवरून घेतलीय, चालतं. माझी आजी २०१९ ला गेली. ज्वारी किती दिवस भिजवायची, घाटा (बिबड्यांसाठी शिजवलेलं ज्वारीचं पीठ) कधी उतरवायचा हे आईला तिनेच शिकवलं. तिच्या जागी कुणी अनोळखी बाई बसवलेली मला बघवेना. दुसऱ्या पोस्टवर '१००% ऑरगॅनिक'. आमची ज्वारी ओळखीच्या दोन शेतकऱ्यांकडून येते आणि दोघेही युरिया टाकतात, मी बांधावर उभी राहून पाहिलंय. तिसरीत 'फक्त ५ पाकिटं शिल्लक, त्वरा करा'. तेव्हा मागच्या खोलीत ९० पाकिटं होती.

भाऊ म्हणतो, सगळेच करतात, आपण नाही केलं तर मागे राहू. आई काही बोलली नाही. पोस्ट पाहून तिने फोन माझ्या हातात दिला आणि पाट घेऊन पापड लाटायला बसली. तिचं गप्प राहणं मला जास्त लागलं.

आणखी एक अडचण आहे. एप्रिलच्या अवकाळीत १८ किलो बिबडे अर्धवट वाळलेले असताना घाईघाईने घरात आणावे लागले. पंख्याखाली वाळवले. तळून पाहिले तर फुलतात चांगले, पण रंग काळपट आहे आणि चव थोडी आंबूस. जाहिरातवाला म्हणाला, चांगल्यांत मिसळून टाका, एका पाकिटात दोन-चार गेले तर कोणाला कळतंय.

त्यांचं काय करू? आणि आहे तेवढंच खरं सांगून गिऱ्हाईक वाढतं का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा.

केळी वेफर्स, सावदा

ताई, तुम्ही सांगताय ते पॅकेज मी घेतलं होतं. २०२२ ची गोष्ट. माझी पत्र्याची शेड आहे, दोन कढया, चार माणसं. गुगलवर माझे खरे रिव्ह्यू होते ९. मी ४० विकत घेतले, आठवड्यात आले. त्यातल्या एकात लिहिलं होतं, 'बसायची व्यवस्था उत्तम, स्टाफ नम्र'. माझ्या शेडवर बसायला बाकडं नाही.

फैजपूरचे एक निवृत्त गुरुजी पहिल्या वर्षापासून माझं गिऱ्हाईक. त्यांनी ते वाचलं. शेडवर आले आणि एवढंच विचारलं, "हे कोणी लिहिलं रे बाळा?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशीही ते नेहमीचे दोन किलो घेऊन गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. पुढे त्यातले बरेच रिव्ह्यू गुगलने काढून टाकले, आणि त्यांच्यासोबत माझ्या खऱ्यांपैकीही दोन गेले.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो. गुगलवरची दुकानाची नोंद फुकट आहे, ती स्वतः भरली. वेळ, फोन, शेडचे आहेत तसे फोटो. रिव्ह्यू मागतो, पण सगळ्यांना मागतो. खूश असलेल्यांनाच वेचून मागणं किंवा रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं, दोन्ही गुगलच्या नियमात बसत नाही. दिवाळीत मी रिव्ह्यू देणाऱ्याला १० टक्के सूट ठेवली होती, हे कळल्यावर बंद केली.

एकाने लिहिलं, वेफर्स तेलकट होते. खरं होतं. त्या दिवशी ऑर्डर मोठी होती, कढईत एका वेळी जास्त चकत्या सोडल्या, तेल थंड पडलं आणि चकत्या तेल प्यायल्या. हेच त्याच्या रिव्ह्यूखाली उत्तर म्हणून लिहिलं आणि दुसरं पाकीट पाठवलं. माझ्या सगळ्या जाहिरातीपेक्षा ते चार ओळींचं उत्तर लोकांनी जास्त वाचलंय. नवीन माणूस फोन करतो तेव्हा त्याचाच उल्लेख करतो.

आता पाकिटाचं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मला सांगणारे भेटले की जीआयचा शिक्का मार, भाव मिळेल. तो वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आणि मुळात रावेर-यावलचा माल महाग झाला की मी बऱ्हाणपूरची केळी आणतो. तापी तीच, पण राज्य दुसरं. म्हणून मी 'रावेर-बऱ्हाणपूर पट्ट्यातली कच्ची केळी' असं लिहितो. तेल पामोलीन असेल तर पामोलीन लिहितो. शेंगदाणा तेलाचे वेगळे, त्यांचा भाव वेगळा.

वाढतं का, विचारलंत. वाढतं, पण सावकाश. पहिलं वर्षभर काही हललं नाही. घरच्यांची पोत सोनाराकडे ठेवून मी तेलाचे डबे भरलेत. आज ६१ रिव्ह्यू आहेत आणि त्यातल्या प्रत्येक माणसाने माझे वेफर्स खाल्लेत. पोत मागच्या दसऱ्याला सोडवून आणली.

तुमचे १८ किलो अजिबात मिसळू नका. जिने चार वर्षं डोळे मिटून घेतलं, तिच्याच पाकिटात ते जातील. आधी एकेक बिबडा उजेडात धरून बघा. बुरशीचा ठिपका दिसला तर तो आणि त्याला चिकटलेले फेकून द्या, स्वस्तातही विकू नका. उरतील ते वेगळ्या पाकिटात, वेगळ्या भावाने, कारण लिहून.

शिरपूरकर

ताई, खोटं बोलीसन कितला दिन चालस? तुमना माल खरा शे ना, मंग भ्यावानं काय कारन?

एक कामाचं सांगतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. तुमच्या ३०० पैकी किती जणांनी केलाय ते बघा. माझ्याकडे निम्म्यांनी केला नव्हता आणि मी वर्षभर समजत होतो की लोकांना माल नकोय. पाकिटात एक चिठ्ठी टाकायला लागलो, 'नंबर सेव्ह करा, नवा माल निघाला की कळवू, महिन्यातून दोनदाच'. दोनदा म्हटलं तर दोनदाच पाठवतो. सणाच्या शुभेच्छाही नाही.

वकील, धुळे

कायद्याच्या बाजूने थोडं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाहीत. पहिल्या चुकीला दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांची यादी आली, एकूण १३ प्रकार, आणि त्यात पहिलाच 'खोटी घाई'. तुमची 'फक्त ५ पाकिटं' तीच.

'ऑरगॅनिक' लिहून विकायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट विकत असेल तर त्याला सवलत आहे, पण तुम्ही ज्वारी विकत घेता, युरियाची घेता, तेव्हा तो विषयच संपला. नेटवरून उचललेल्या फोटोवर ज्याने तो काढला त्याचा हक्क असतो, हेही लक्षात ठेवा.

चोपड्यातल्या घरगुती कामावर उद्या कारवाई होईल असं सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. पण ६,००० घेणारा उद्या दुसऱ्याकडे जाईल, आणि पाकिटावर नाव, पत्ता, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी नंबर तुमचा आहे.

बिबडेवाली, चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. सावद्याच्या दादांचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. गुरुजींचं आलं तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं.

जाहिरातवाल्याला नाही म्हणून कळवलं. रविवारी मी आणि आईने खिडकीत बसून १८ किलो बिबडे एकेक करून पाहिले. चार किलो काढून टाकले. १४ किलोसाठी हा मेसेज केला, चांगला आणि पावसातला असे दोन बिबडे शेजारी ठेवून फोटो काढला:

'एप्रिलच्या पावसात सापडलेले १४ किलो बिबडे आहेत. उन्हात पूर्ण वाळले नाहीत, पंख्याखाली वाळवले. रंग काळपट आहे, चव थोडी आंबूस लागते. एकेक तपासलाय, बुरशी नाही. नेहमीचा भाव ३६० किलो, हे २०० ला देतोय. महिन्याभरात संपवा, जास्त ठेवू नका. नेहमीचे बिबडेही आहेत, ते कडक उन्हातले.'

पाठवताना हात थरथरत होता. आपणच आपल्या मालाला नाव ठेवतोय असं वाटत होतं. दोन दिवसांत ११ किलो गेले. तिघींनी नको म्हटलं, त्यांना नेहमीचे दिले. सुरतेच्या उधन्यातल्या एक ताई फोनवर म्हणाल्या, माझी माय पावसात सापडलेले असेच वेगळे डब्यात ठेवायची आणि आम्हा पोरांना दुपारी भाजून द्यायची, मला आंबूसच द्या. त्या बोलताना रडल्या. मला काय बोलावं सुचेना. राहिलेले तीन किलो आम्ही घरातच खातोय.

शिरपूरच्या भाऊंनी सांगितलं तसं तपासलं. ३०० पैकी ११८ जणांनीच नंबर सेव्ह केलाय! चिठ्ठ्या छापायला दिल्या.

आता नवीन प्रश्न. नेटवरची आजी नको तर मग कोणाचा फोटो टाकू? आई कॅमेऱ्यासमोर अवघडते. मावश्यांपैकी एक हौसेने तयार आहे. दुसरीला तोंड दाखवायचं नाही, तिच्या सासरी चालणार नाही. एकीचा टाकला आणि एकीचा नाही तर काम दोघींचं असून एकीचंच नाव होईल.

मिरची मसाला, दोंडाईचा

पोरी, ज्या बाईला तोंड दाखवायचं नाही तिला दुसऱ्यांदा विचारूही नको. ती तुझ्याकडे कामाला येते, तुझ्यापुढे तिला नाही म्हणणं जड जातं. एकदा म्हणाली तेवढं पुरे.

माणसाचं तोंड दाखवल्याशिवायही खरेपणा दिसतो. माझं तिखट लालभडक नसतं, कारण मी रंग टाकत नाही. सुरुवातीला बायका फोटो बघून म्हणायच्या, फिकं आहे. मग मी देठ खुडण्यापासून डंकावर कुटेपर्यंतचा व्हिडिओ टाकला, वर काही लिहिलं नाही, गाणंही लावलं नाही. डंकाचा आवाज आणि शेवटी परातीतलं फिकट तिखट. आता लोक फिकं बघूनच ओळखतात की हे इथलं.

तू घाट्याचा टाक. पहाटे पातेल्यात रटरटणारा घाटा आणि त्यात फिरणारा लाकडी हाटा. खानदेशातलं कोण ते बघून थांबणार नाही? लहानपणी वाटीत गरम घाटा घेऊन वर कच्चं तेल ओतून खाल्लेला प्रत्येक माणूस थांबेल. खाली दोघी मावश्यांचं काम आहे हे लिही, नाव त्या सांगतील तेवढंच.

बिबडेवाली, चोपडा

काकू, आज पहाटे पाचला या मोसमातला शेवटचा घाणा होता. घाटा शिजतानाचा व्हिडिओ काढला, ४० सेकंदांचा. लसूण-मिरची पडल्यावर धूर उठतो तिथे आईचा ठसका ऐकू येतो, तो तसाच ठेवलाय. नंतर ओल्या धोतरावर बिबडे थापतानाचे फक्त हात.

त्यात त्या मावशीच्या मनगटावरचं गोंदण दिसत होतं. टाकायच्या आधी तिला फोन दाखवला आणि म्हटलं, यावरून कोणी ओळखेल, तेवढा भाग कापते. तिने दोनदा लावून पाहिलं. म्हणाली, ते राहू दे, माझ्या मायनं गोंदवलंय.