दुखते एकच, मग चारही अक्कलदाढा का काढायच्या?

गोदाकाठ (मूळ प्रश्न)
माझी मुलगी 22 वर्षांची असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत तिची खालची उजवी अक्कलदाढ सुजली, दोन दिवस तोंड इतके आखडले की चमचासुद्धा आत जाईना, आणि मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व पाच दिवसांच्या औषधांनी सूज उतरली. त्यानंतर आजतागायत काहीही त्रास नाही. गेल्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, काढला. खालची उजवी दाढ पुढच्या दाढेवर कललेली आणि अर्धी हिरडीबाहेर आहे, खालची डावी हाडात पूर्ण आडवी झोपलेली आहे, आणि वरच्या दोन्ही सरळ आहेत. डॉक्टरांचे म्हणणे असे की जुलैत ती नोकरीसाठी पुण्याला जाण्यापूर्वी चारही एकदमच काढून टाकाव्यात. एकीच्या अपराधासाठी चौघींना शिक्षा करणे मला पटत नाही. आपली मते कारणांसह मांडावीत.

सातपूरकर
ताई, माझे मत स्पष्ट आहे: चारही काढा, आणि आत्ताच काढा. मी 26 वर्षांचा असताना मलाही अशीच कललेली दाढ दाखवून काढण्याचा सल्ला मिळाला होता. दुखत नव्हती, कारखान्यातून सुट्टी मिळणे कठीण होते, म्हणून मी तो विषय सोडून दिला. बारा वर्षांनी ठणका सुरू झाला तेव्हा कळले की किडली होती ती अक्कलदाढ नव्हे, तर तिच्या पुढची, रोज चावायला लागणारी चांगली दाढ; दोघींच्या फटीत अन्न अडकत राहिले, तिथे ब्रश पोहोचत नव्हता, आणि मागच्या बाजूने ती इतकी पोखरली गेली की रूट कॅनाल करण्याजोगेही काही उरले नाही. दोन्ही गेल्या. तरुणपणी मुळे पूर्ण तयार झालेली नसतात आणि हाडही लवचिक असते, त्यामुळे दाढ सहज निघते व जखम लवकर भरते. चाळिशीजवळ माझी काढताना हाड कापावे लागले आणि मी आठवडाभर पेजेवर होतो.

इंदिरानगरचा वाचक
सातपूरकरांच्या अनुभवाबद्दल सहानुभूती आहे, परंतु त्यावरून चारही दाढांचा निकाल लावता येत नाही. ब्रिटनमधील उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2000 साली मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेला कोणताही आजार नाही, ती केवळ भविष्याच्या भीतीने काढू नये. हिरडी सुजण्याचा पहिला प्रसंग फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरही काढू नये, दुसऱ्या प्रसंगानंतर मात्र विचार करावा. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यातही असेच दिसते की निरोगी, त्रास न देणारी अडकलेली दाढ काढावी की ठेवावी हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. अक्कलदाढा पुढचे दात ढकलून वेडेवाकडे करतात, ही समजूतही अभ्यासांत टिकलेली नाही, तरी दवाखान्यांतून ती आजही सर्रास सांगितली जाते. माझ्या भावाची खालची दाढ दुसऱ्या शहरात काढली, त्यानंतर साडेतीन महिने त्याचा अर्धा खालचा ओठ बधिर होता आणि चहा पिताना तो हनुवटीवर ओघळला तरी त्याला समजत नसे. ज्या दाढेने काहीही केलेले नाही, तिच्यासाठी हा धोका का पत्करावा?

नाशिकरोडचा दंतवैद्य
मी व्यवसायाने दंतवैद्य आहे, म्हणून माझे मत थोडे व्यवसायाच्या बाजूने झुकलेले आहे असे समजूनच वाचावे.

'दुखत नाही' आणि 'आजार नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या धाग्यात त्यांची गल्लत होत आहे. सातपूरकरांची दाढ बारा वर्षे दुखली नाही, पण ती बारा वर्षे निरोगी होती असे नाही. 'नाइस'च्या सूचनांवर ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांनीच पुढे टीका केली, ती याच मुद्द्यावर: दाढा काढणे टळले नाही, फक्त लांबले, आणि अधिक वयाचे रुग्ण पुढची दाढ किडलेल्या अवस्थेत येऊ लागले. कललेल्या, अर्धवट बाहेर आलेल्या खालच्या दाढेला हा आक्षेप नेमका लागू पडतो. शिवाय तोंड उघडत नाही इतकी सूज हा किरकोळ प्रसंग नव्हे.

मात्र हाडात पूर्ण झाकलेल्या दाढेचा तोंडातील अन्नाशी आणि जिवाणूंशी संबंधच येत नाही. क्वचित तिच्याभोवती गाठ धरते, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढावा, एवढेच. खालच्या जबड्याच्या हाडातून एका बोगद्यासारख्या मार्गाने नस जाते आणि तीच ओठाची व हनुवटीची जाणीव वाहते. ओपीजीत मुळावर काळसर पट्टा दिसत असेल, बोगद्याची पांढरी रेघ तिथे तुटलेली असेल किंवा बोगदाच वळलेला असेल, तर मुळे नसेला खेटलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे, पाहिल्याशिवाय हात लावू नये. बधिरपणा बहुतेकदा आपोआप जातो, पण क्वचित तो कायमही राहतो. अगदीच काढावी लागली तर दाढेचा वरचा भाग कापून मुळे तशीच हाडात ठेवण्याचा पर्यायही आहे.

दिंडोरीचा बागायतदार
आमच्याकडे जुनी माणसे सांगत की वरची दाढ काढली तर नजर जाते. यात काही तथ्य आहे का? माझ्या आईने या भीतीने हलणाऱ्या दाढा अखेरपर्यंत काढू दिल्या नाहीत. आणखी एक सांगतो, मी स्वतःची काढली ती ऐन द्राक्षतोडणीत, आणि तिसऱ्या दिवशी बागेत उभा राहून तंबाखू मळली. पुढचे सहा दिवस कसे गेले ते माझे मलाच माहीत.

नाशिकरोडचा दंतवैद्य
काका, तथ्य नाही. दृष्टीची नस दाढेच्या नसेपेक्षा संपूर्ण वेगळी आहे. तुमच्या सहा दिवसांचे कारण मात्र तंबाखूच असावे: काढलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, ती निघून गेली की हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये.

सातपूरकर
डॉक्टरसाहेब, 'लक्ष ठेवू' हे कागदावर शोभते. दुखत नसलेल्या दाढेचा एक्स-रे काढायला आपल्याकडे कोण जातो? मी गेलो नाही. पुण्यात नोकरी करणारी तेवीस वर्षांची मुलगी तरी जाईल का?

इंदिरानगरचा वाचक
तपासणीला जाण्याचा आळस हे शस्त्रक्रियेचे कारण कसे होऊ शकते? त्या न्यायाने अपेंडिक्सही आधीच काढून टाकावे लागेल. खालची उजवी काढावी, हे डॉक्टरांच्या खुलाशानंतर मी मान्य करतो. माझा विरोध 'एकदमच चारही' या सोयीला आहे, कारण ती सोय रुग्णाची किती आणि दवाखान्याची किती, हे कोणी सांगत नाही.

सातपूरकर
सोय रुग्णाचीही आहेच. एकच सूज, एकच रजा, एकच भीती. आणि खालची उजवी गेल्यावर तिच्या वरची दाढ चावायला जोडीदार नसल्याने हळूहळू खाली उतरते आणि गाल किंवा हिरडी चावू लागते. तेव्हा पुन्हा खुर्चीत बसायचेच आहे.

इंदिरानगरचा वाचक
तेव्हा बसू. वरची सरळ दाढ काढणे खालच्या आडव्या दाढेच्या तुलनेत बहुधा सोपे असते, म्हणून घाई नाही.

गोदाकाठ
सर्वांची आभारी आहे. काल आम्ही पंचवटीतील दंत महाविद्यालयात तोच एक्स-रे दाखवून दुसरे मत घेतले. खालची डावी दाढ नसेच्या बोगद्यावर आडवी असल्याने तिला हात न लावता दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे पाहावा, असे तेथील शल्यचिकित्सकांनी सुचवले. खालच्या उजव्या दाढेच्या पुढच्या दाढेवर त्यांना मागच्या बाजूला किडीची सुरुवात दिसली, जी आधीच्या दवाखान्यात कोणी सांगितली नव्हती. त्यामुळे ती दाढ परीक्षा संपताच काढायची आणि त्याच वेळी पुढची भरून घ्यायची, हे ठरले. वरच्या डाव्या दाढेचा प्रश्नच नाही. वरच्या उजवीबद्दल मात्र घरात एकमत नाही. ह्यांना सातपूरकरांचे पटते, मला इंदिरानगरच्या वाचकांचे, आणि मुलगी म्हणते की तोंड तिचे असल्यामुळे ती शस्त्रक्रियेच्या दिवशी स्वतःच डॉक्टरांशी बोलून ठरवील.