सगळी फौज विकून पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी का?

लष्करवाला (धागाकर्ता)

माझ्याकडे टेबलावर लढाया खेळायच्या छोट्या शिपाई-पुतळ्यांची (फिगर्सची) फॅन्टसी फौज आहे, एकेक पुतळा साधारण २८ मिमी उंच. एल्फ, बुटके, बरेच ऑर्क, सगळे ‘वॉरहॅमर’ या टेबलखेळाच्या जुन्या आवृत्तीचे, चौकोनी बेसवर (पायाखालच्या पट्टीवर). ही सगळी विकून कपाट रिकामं करायचं माझ्या मनाने घेतलंय. नव्या संग्रहात एकच काळ आणि एकच माप असेल: महादजींनी द बॉइन या युरोपीय सेनानीला नोकरीत घेतलं तिथपासून १८४३ पर्यंत, शिंद्यांची कवायती फौज आणि समोर ईस्ट इंडिया कंपनीची फौज, दोन्ही ६ मिमीत.

आपण ग्वाल्हेरात राहतो. लष्कर हा भाग दौलतरावांच्या छावणीतून उभा राहिला. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, त्या आपल्या अगदी जवळ. जिंकलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून इंग्रजांनी आपल्या सैनिकांना ‘ग्वाल्हेर स्टार’ पदकं दिली आणि पुढच्याच महिन्यात तह करून इथली फौज ९,००० वर आणली. एवढं सगळं दाराशी घडलं, आणि टेबलावर मात्र आपण वॉरहॅमरच्या नॉटिंगहॅममधल्या कंपनीने रचलेल्या जगातल्या लढाया खेळतो. मला हे आता सहन होत नाही.

६ मिमी का, तेही सांगतो. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, इंग्रजांसमोर मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि कवायती पायदळच दहा हजारांच्या घरात. २८ मिमीत एका पलटणीला बारा शिपाई दिले, तर टेबलावर पलटण दिसतच नाही, पहाऱ्याची तुकडी दिसते. ६ मिमीत ६० मिमी रुंदीच्या एका बेसवर चोवीस शिपाई दोन रांगांत उभे राहतात. मग तोफखान्यासमोरून चालत जाणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला वरून बघताना कळतं.

जुनं ठेवून नवं का नाही? जागा नाही, पैसा नाही, आणि दोन्हीकडे लक्ष लावणं मला जमणार नाही. मतं सांगा.

जुनीपलटण

विकू नका. २०१५ मध्ये वॉरहॅमरच्या कंपनीने तो जुना खेळ बंद करून सगळं गोल बेसवर नेलं, तेव्हा कित्येकांनी अशाच चौकोनी फौजा मिळेल त्या किमतीला काढल्या. २०२४ मध्ये ‘ओल्ड वर्ल्ड’ नावाने चौकोनी बेस परत आले. जुन्या धातूच्या फिगर्स आता पुन्हा शोधत बसावं लागतं. आपल्या शहरात तर त्या मिळतच नाहीत, बाहेरून मागवायच्या तर कस्टम्स भरा.

लष्करवाला

काका, परत आले ते माप बदलून. माझे एल्फ आणि बुटके २० मिमी बेसवर आहेत, नव्या नियमांत त्यांना २५ लागतात. म्हणजे एकेक फिगर उचकटा, नाहीतर खाली जोडपट्ट्या लावा. एवढी मेहनत करायचीच, तर मी ती शिंद्यांच्या तेलंग्यांवर (कवायती शिपायांवर) करीन.

रंगपेटी

दादा, मला एक विचारायचंय. तुम्हाला विषय बदलायचाय की जुन्या रंगकामाचा कंटाळा आलाय? मला तरी बऱ्याच ‘शून्यापासून’च्या मागे दुसरं कारण दिसतं. तसं असेल तर विकण्याआधी दहा फिगर्सचा रंग काढून बघा. साध्या तपकिरी डेटॉलमध्ये रात्रभर ठेवा, अ‍ॅक्रिलिक सुटतं. मात्र टूथब्रशने घासायचं ते डेटॉलमध्येच. आधी पाणी लागलं तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो निघता निघत नाही. हातमोजे हवेतच. थिनर फक्त धातूच्या फिगर्सना, प्लॅस्टिक त्यात विरघळतं.

आणि मे महिन्यात हे काम काढूच नका. त्या उन्हात रंग ब्रशवरच वाळतो. काढलंतच तर पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्या. स्प्रे प्राइमर मारायचा तर सकाळी लवकर, धूळ उडायच्या आत.

रविवारचा गडी

मी धागाकर्त्याच्याच टेबलावर खेळतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तुझी फौज एकट्या तुझी नाही रे. तुझे ऑर्क गेले की माझी बुरुजांवरची माणसं लढणार कोणाशी? पुण्या-मुंबईत एकाने खेळ सोडला तर दुसरा भेटतो. इथे आपण मोजकेच. एकाने कपाट रिकामं केलं की बाकीच्यांची कपाटंही निरुपयोगी होतात. मी तुझ्या ऑर्कांना समोर धरूनच माझी फौज बांधली, रंगवली. तू विकायचं ठरवलंस आणि आम्हाला ते इथे वाचून कळलं, याचं मला वाईट वाटलं.

लष्करवाला

वाईट वाटणं बरोबर आहे, आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. पण तुझाच मुद्दा मला माझ्या बाजूचा वाटतो. आत्ता आपल्यात नवा माणूस येत नाही, कारण यायचं तर आधी स्वतःची फौज हवी. मी दोन्ही बाजू रंगवणार आहे. कॉलेजातला पोरगा रिकाम्या हाताने आला तरी त्याला महाराजपूरच्या इंग्रज सेनापतीचा, गफचा तोफखाना किंवा आपला तोफखाना देऊन बसवता येईल. ६ मिमीत दोन्ही फौजा दोन पेट्यांत मावतात, उचलून कुठेही नेता येतात.

मालवा मैदान

इंदूरहून लिहितोय. नवी सुरुवात जरूर करा, पण कंपनीची फौज कशाला? १७९३ ची लाखेरी घ्या. शिंदे विरुद्ध होळकर! एका बाजूला द बॉइनच्या पलटणी, दुसऱ्या बाजूला दुद्रेनेक या फ्रेंच अधिकाऱ्याने तयार केलेल्या तुकोजीराव होळकरांच्या पलटणी. दोन्हीकडे कवायती पायदळ, दोन्हीकडे मराठी घोडदळ, म्हणजे एकाच साच्यातल्या फिगर्स दोन्ही बाजूंना चालतात. फक्त निशाणं वेगळी. रंगकाम निम्म्यावर येतं. पुढे १८१७ च्या महिदपूरसाठी तेच होळकरी घोडदळ कामाला येईल, कंपनी तेव्हा आणा. आपापसातली लढाई मांडायला लोक कचरतात, मला ते पटत नाही. त्या वेळी उत्तरेत कोणाचा शब्द चालणार, हे त्या मैदानात ठरलं. ते मांडल्याशिवाय १८०३ ला दोन्ही सरदार एकत्र का लढले नाहीत, हे कसं समजणार?

लष्करवाला

लाखेरी डोक्यात नव्हती. सुरुवात तिथूनच करतो. तेलंग्यांच्या फिगर्स असईलाही त्याच राहतील.

रविवारचा गडी

माझा विरोध अजून कायम आहे. दोन्ही फौजा तुझ्याच असल्या तर आम्ही तुझ्याकडे पाहुणे. स्वतः रंगवलेली पलटण तोफेसमोर ढकलताना पोटात जे होतं, ते दुसऱ्याच्या फौजेने होत नाही. त्यापेक्षा होळकरांची बाजू मला दे, मी रंगवतो. आणि दोन्हीकडच्या निदान तीन-तीन पलटणी टेबलावर येईपर्यंत ऑर्कांची जाहिरात टाकू नकोस.

लष्करवाला

होळकर तुझे. जाहिरात तोवर थांबवतो. पण पलटणी तयार झाल्या की ऑर्क जाणार, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

जुनीपलटण

माझं एकच म्हणणं राहतं. ६ मिमीवर नवी मुलं येतील, असं तुम्ही धरून चालला आहात. मुलाला दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा मांडताना बघा. तो आधी तोंड बघतो, मग हातातली तलवार, मग ठरवतो हा बुरुजावर की दरवाज्यात. ६ मिमीच्या शिपायाला तोंडच नसतं. लाखेरी १५ मिमीत करा. पलटणीला आठ शिपाई पुरतील, ४० मिमीच्या दोन बेसवर, जेवणाच्या टेबलावर लढाई मावते आणि पगडीचा रंग दिसतो. असईचा आकडा गाठायच्या नादात माणूसच दिसेनासा झाला, तर एवढं सगळं विकून काय मिळवलं?