मदत हवी आहे: नवीन गाडी घ्यायचीय, शोरूमवाला "महिन्याला किती जमेल" च्या पुढे सरकतच नाही

धांदरट मैना:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

आमची गाडी नऊ वर्षांची झाली आणि आता दर महिन्याला काहीतरी काढतेच, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. मॉडेल ठरलंय, रंग पण ठरलाय, फक्त भाव कसा करायचा हे दोघांपैकी एकालाही कळत नाही. नवरा समोरच्याने आकडा सांगितला की "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो आणि मला घासाघीस करायची लाज वाटते.

तर शनिवारी गेलो. मी पहिलाच प्रश्न विचारला की ऑन-रोड किती, सगळं धरून. सेल्समन गोड हसला आणि म्हणाला, "मॅडम, ते बघू ना, आधी सांगा महिन्याला किती जमेल?" मी परत तेच विचारलं, त्याने परत तेच विचारलं. असं तीनदा झाल्यावर नवऱ्याने आकडा सांगून टाकला (घरी आल्यावर यावर वेगळं बोलणं झालं, ते इथे नको). मग त्याने एक कोरा कागद घेतला, मधोमध फुली मारून चार खाने केले, एकात जुन्या गाडीची किंमत, एकात नवीची, एकात डाउन पेमेंट, एकात हप्ता. आणि जाडजूड पेनाने लिहायला लागला. मी जुन्या गाडीला जास्त मागितले की तो त्या खान्यात वाढवायचा आणि नवीच्या खान्यात हळूच काहीतरी बदलायचा. शेवटी कागदावर इतकी खाडाखोड झाली की कुठला आकडा जिवंत आणि कुठला मेलेला तेच कळेना, तरी हप्त्याभोवती मात्र त्याने दोनदा गोल केला आणि कागद आमच्याकडे वळवून पेन वर ठेवलं. म्हणजे सही करा.

मध्येच आमच्या जुन्या गाडीची चावी "व्हॅल्युएशनला" घेऊन गेले ती दीड तास परत आलीच नाही. निघायचं म्हटलं तरी निघणार कसं!

कर्ज नको वाटत असेल तर लीज घ्या (म्हणजे विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने) असंही सुचवलं. ३६ महिने, रेसिड्युअल (मुदत संपल्यावर गाडीची उरणारी किंमत) ५५ टक्के, मनी फॅक्टर ०.००२५. मी विचारलं हा मनी फॅक्टर म्हणजे व्याजच ना? तर म्हणे, "काहीच नाही हो मॅडम, पाव टक्का." पाव टक्का व्याजाने कोण पैसे देतं? मला काहीतरी वास येतोय पण गणित जमत नाहीये.

तर बोलायचं कसं, कर्ज काढणार हे आधीच सांगायचं का, जुनी गाडी तिथेच द्यायची की बाहेर विकायची, आणि ते पेंट प्रोटेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी वगैरे खरंच लागतं का? आणि लीजचं कोणीतरी समजावून सांगा. पहिल्यांदाच विचारतेय, हसू नका.

हिशेबनीस:

हसत नाही ताई, पण त्या पाव टक्क्याला मात्र हसलो.

मनी फॅक्टरला २४०० ने गुणायचं, की वर्षाचा व्याजदर मिळतो. ०.००२५ गुणिले २४०० म्हणजे ६ टक्के. पाव टक्का नाही, सहा. (२४०० कुठून आले? १२ महिने, टक्केवारीसाठी १०० आणि वर एक २, कारण लीजमध्ये व्याज सरासरी रकमेवर धरतात आणि सरासरी काढताना जो २ ने भागाकार करायचा तो इथे लपवलेला असतो.)

आता हप्ता कसा बनतो बघा. गाडीची किंमत १०० धरा. तीन वर्षांनी ती ५५ ची राहील असं त्यांनी धरलंय, म्हणजे झीज ४५, भागिले ३६ महिने, १.२५. त्यावर व्याज, (१०० + ५५) गुणिले ०.००२५, ०.३९. बेरीज १.६४ महिन्याला, वर कर वगैरे असतील ते.

खरी मजा पुढे आहे. समजा तुम्ही किंमत १०० वरून ९४ वर आणली. रेसिड्युअल सहसा छापील किमतीवर ठरतं, त्यामुळे ते ५५ च राहतं. मग झीज ३९ भागिले ३६, १.०८, आणि व्याज ०.३७, एकूण १.४६ च्या आसपास. म्हणजे किंमत ६ टक्के उतरली पण हप्ता ११ टक्के उतरला! लीजमध्ये किमतीची घासाघीस होत नाही असं सांगतात ना, ते एवढ्यासाठीच. लीजच्या भाषेत गाडीच्या या ठरलेल्या किमतीला कॅप कॉस्ट म्हणतात, कोटेशनमध्ये ती छापलेलीच नसेल तर आधी ती मागा.

दुसरं, लीजला मोठं डाउन पेमेंट देऊ नका. हप्ता छोटा दिसतो खरा, पण उद्या गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार गेली तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला जातात, म्हणजे लीज कंपनीला. तुम्ही आधी भरलेले बहुतेक वेळा गेलेच.

आणि वर्षाला किती किलोमीटरची मुभा आहे ते बघितलंत का? वर गेलात की किलोमीटरमागे दंड. तुमचं रनिंग किती?

वाकडी वाट:

एवढा घोळ कशाला घालायचा. परवडत असेल तर घ्यायची, नसेल तर दोन वर्षांची वापरलेली घ्यायची. पहिल्या मालकाने सगळ्यात मोठी घसरण सोसलेली असते, आपण फुकटात खाली उतरलेल्या भावाने घ्यायची. शोरूमची काचच बघायला नको.

धांदरट मैना:

@वाकडी वाट, नवी घ्यायची ठरलंय हो, आधीच्या गाडीने खूप रडवलंय.

@हिशेबनीस, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन वाचलं, कळलं! रनिंग भरपूर आहे, माझं ऑफिस एका टोकाला आणि त्याचं दुसऱ्या. मुभा बघितली, आम्ही ती सातव्या-आठव्या महिन्यातच संपवू. म्हणजे लीज बाद. आता कर्जाचं सांगा ना. तो म्हणाला ७ टक्के, आणि माझी बँक साडेनऊ म्हणतेय. मग शोरूमचं स्वस्त झालं ना?

हिशेबनीस:

फ्लॅट की रिड्यूसिंग? हे विचारल्याशिवाय त्या ७ ला काही अर्थ नाही.

फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच, रिड्यूसिंग म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर. १०० कर्ज, ५ वर्षं, ७ टक्के फ्लॅट, व्याज ३५, एकूण १३५, भागिले ६०, हप्ता २.२५. आता हाच हप्ता रिड्यूसिंगने उलटा काढून बघा, दर येतो साधारण साडेबारा टक्के. तुमच्या बँकेचे साडेनऊ बहुतेक रिड्यूसिंग असतील, एकदा विचारून घ्या. तसं असेल तर बँक कितीतरी स्वस्त.

शून्य टक्क्याची स्कीम दाखवली तर एकच विचारा, ही नको असेल तर रोख सूट किती? समजा ५ टक्के सूट सोडून ३६ महिने शून्य टक्क्याने घेतलं, तर ते खरं तर ३.४ टक्क्यांच्या आसपास पडतं. शून्य नाही, पण तरी बँकेपेक्षा स्वस्तच, त्यामुळे अशी स्कीम मिळाली तर मी तरी घेईन. फुकट समजून नाही, स्वस्त समजून.

जुना सेल्समन:

मी चार वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय, आता दुसरं काम करतो, म्हणून मोकळेपणी सांगतो.

तो चार खान्यांचा कागद आम्हाला शिकवलेला असतो. गिऱ्हाईक एका खान्याकडे बघत असलं की बाकीच्या तिघांत हात मारायचा. तुम्ही जुन्या गाडीवर अडून बसलात ना, तिथे त्याने तुम्हाला जिंकू दिलं आणि नवीच्या किमतीत वसूल केलं. म्हणून चारही गोष्टी वेगळ्या करायच्या. आधी फक्त नवीची किंमत, तीही लेखी, एक्स-शोरूम किती, रजिस्ट्रेशन किती, विमा किती, हँडलिंग किंवा लॉजिस्टिक नावाखाली काय, सगळं ओळीने. ती पक्की झाल्यावर जुनीचा विषय काढायचा. आणि "महिन्याला किती" ला एकच उत्तर, "ते माझं मी बघते, तुम्ही गाडीची किंमत सांगा." कितीही वेळा विचारलं तरी तेच, आवाज न चढवता. तिसऱ्या-चौथ्यांदा आम्ही सोडून द्यायचो.

चावीचं म्हणाल तर तीही युक्तीच. पुढच्या वेळी तपासणीला सोबत जा, चावी परत हातात आल्यावरच टेबलावर बसा.

बरं, गाडीवर शोरूमला वाटतं तेवढं सुटत नाही. सुटतं ते कर्जाच्या कमिशनवर, विम्यावर, ॲक्सेसरीजवर आणि जुन्या गाडीच्या फरकावर. त्यामुळे तुम्ही बँकेचं कर्ज मंजूर करून ठेवलं असलं तरी पहिल्या वाक्यात सांगू नका, सांगितलंत की सूट आखडते. खोटंही बोलू नका, "किमतीवर जमलं तर तुमचंही कर्ज बघू" एवढं बास. पेंट प्रोटेक्शन घेऊ नका, ते पॉलिशचंच मोठं भावंड आहे. अंडरबॉडी कोटिंग बऱ्याच गाड्यांना कारखान्यातूनच असतं, आधी ते विचारा. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र सरसकट वाईट नाही, गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर विचार करा, पण ती बहुतेक ठिकाणी नंतरही घेता येते, फक्त मूळ वॉरंटी संपायच्या आधी, डिलिव्हरीच्या गडबडीत सही करायची गरज नाही. विम्याचं कोटेशन बाहेरून आणा, तेवढंच कव्हर आणि कितीतरी कमी पैसे, माझ्या डोळ्यादेखत लोकांनी फरक काढून दाखवलाय.

महिनाअखेर, त्यातही तिमाहीची अखेर, तेव्हा जा. टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असतील तर मॅनेजर अशा भावाला देतो की आम्हालाच आश्चर्य वाटायचं. पण टार्गेट विसाव्या तारखेलाच पूर्ण झालं असेल तर अखेर कोरडी जाते, त्यामुळे एकाच दुकानावर अवलंबून राहू नका. तीन-चार ठिकाणी एकच मजकूर मेल करा, मॉडेल, व्हेरिएंट, रंग, "सगळं धरून अंतिम आकडा लेखी कळवा, सगळ्यात कमी येईल तिथे या आठवड्यात बुक करणार." अर्धे फोन करतील आणि "या ना, समोरासमोर बोलू" म्हणतील. जायचं नाही.

आणि काही झालं तरी गाडीजवळ उभं राहून "हाच रंग हवा होता" असं म्हणू नका. आम्ही ऐकत असतो.

धांदरट मैना:

म्हटलं ना मी ते!! दोनदा म्हटलं 🤦‍♀️

टायरट्यूब:

भाव झाला की लोक ढिले पडतात, म्हणून एक भर घालतो. गाडी कधी बनलीये ते बघा. गेल्या वर्षाच्या शेवटी बनलेली गाडी या वर्षीची म्हणून देतात, विकायच्या वेळी मात्र एक वर्ष जुनी धरतात. घ्यायला हरकत नाही, पण मग त्याची वेगळी सूट हवी. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत दहाव्या अक्षरावरून मॉडेल वर्ष कळतं, पण सगळ्याच पाळत नाहीत, म्हणून कागदावर लिहून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे आधीचे असणारच, पण वर्षभर जुने असतील तर विचारा. आणि हे सगळं पैसे भरायच्या आधी, रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी, दिवसाउजेडी.

धांदरट मैना:

अपडेट देते, उशीर झाला सॉरी.

चार ठिकाणी मेल टाकले. एकाचं उत्तरच नाही, दोघांनी फोन करकरून भंडावलं, चौथ्याने मात्र दुपारपर्यंत ओळीने सगळा हिशेब पाठवला. तो आकडा फोनवाल्यांपैकी एकाला कळवला तर तो "हे शक्यच नाही मॅडम" म्हणाला आणि संध्याकाळी त्याहून थोडा कमी लेखी पाठवला. शनिवारच्या कागदापेक्षा साधारण सहा टक्के खाली! जुनी गाडी बाहेर ओळखीतून विकली, शोरूमपेक्षा बरे मिळाले, पण कागदपत्रांची धावपळ नवऱ्याने केली म्हणून मला सोपं वाटतंय, त्याला विचाराल तर वेगळं सांगेल. विमा बाहेरून घेतला. कर्ज बँकेचं, रिड्यूसिंगच निघालं.

आत्ता बुकिंगला आलोय, इथूनच टाइप करतेय. पावती वाचली तर खाली बारीक अक्षरात आहे, "डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत आकारली जाईल." म्हणजे दीड महिन्याने काहीही लावतील? सही करू का?

जुना सेल्समन:

करू नका! कंपनीने किंमत वाढवली तर तेवढी वाढ लागते, ते ठीक, सगळीकडे असतं. पण तुमची सूट कायम राहील हे त्याच पावतीवर पेनाने लिहून, शिक्का मारून घ्या. आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत, तेही. तोंडी नको.

धांदरट मैना:

सांगितलं. "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेलाय. नवरा ठीक आहे म्हणायच्या बेतात होता, त्याला पाणी आणायला पाठवलंय.

हिशेबनीस:

😂 मग?

धांदरट मैना:

आला बाहेर. शिक्का आणलाय. लिहितोय.